मठाधिपतींच्या पंगतीतील प्रश्न

गेल्या पावसाळ्यात आमच्या धर्मग्रामातील एक अभियांत्रिकीचा विद्यार्थी आपल्या आईसोबत चर्चच्या कार्यालयात आला. त्याला सुट्टीत वाचण्यासाठी पुस्तकांची यादी हवी होती, आणि तीही विज्ञानकादंबऱ्यांची. "अंतराळातल्या सफरी असोत की इतिहास उलटापालटा करणाऱ्या असोत, फादर, पण चांगल्या सांगा," असे तो म्हणाला, आणि त्याच्या आईचा चेहरा ओशाळला. धर्मगुरूकडे मागायचे ते एखादे संतचरित्र, असे बिचारीला वाटत असावे. मी तिला म्हटले, "बाई, मुलगा योग्य दारी आला आहे. या पुस्तकांतले दोन्ही मूळ प्रश्न आमच्याच घरातले आहेत."

तेव्हा वेळेअभावी जे सांगता आले नाही, ते येथे लिहीत आहे.

पहिला प्रश्न असा : आपल्या जगाखेरीज आणखी जगे असू शकतील काय? ॲरिस्टॉटलचे उत्तर नकारार्थी होते, आणि तेराव्या शतकात पॅरिसच्या विद्यापीठात त्याचा शब्द जवळजवळ अंतिम मानला जाई. ७ मार्च १२७७ रोजी पॅरिसचे बिशप एतियन ताँपिए यांनी तेथे शिकविल्या जाणाऱ्या २१९ विधानांवर बंदी घातली. 'आदिकारणाला अनेक जगे निर्माण करता येणार नाहीत' हे त्यांतील एक विधान. अनेक जगे आहेत असे बिशपांचे म्हणणे नव्हते. परमेश्वराला ती निर्माण करता येत नाहीत असे कोणी म्हणू नये, एवढाच त्यांचा आग्रह होता. बंदीच्या हुकमाने विचाराचे एक दार उघडावे, ही इतिहासातील गंमतच म्हणावयाची. पुढे १४४० साली निकोलस ऑफ क्युसा यांनी इतर ताऱ्यांवरही रहिवासी असावेत असे लिहिले, आणि त्यानंतर आठ वर्षांनी ते कार्डिनल झाले. त्याच शतकात गियोम द व्होरूइयोँ नावाच्या फ्रान्सिस्कन पंडिताने पुढचा प्रश्न विचारला : दुसऱ्या जगात माणसे असतील, तर ख्रिस्ताचे मरण त्यांनाही तारील काय? तारू शकेल, असे त्याचे उत्तर होते. मात्र हे सारे सांगताना जोर्दानो ब्रूनोला विसरून चालणार नाही. १६०० साली रोममध्ये त्याला जिवंत जाळण्यात आले. त्याच्यावरील आरोप अनेक होते, पण अगणित जगांविषयीची त्याची मतेही त्यांत होती.

दुसरा प्रश्न याहूनही जुना आणि, माझ्या मते, अधिक खोल आहे. इ. स. १०६५ च्या सुमारास संत पीटर डेमियन हे मोंते कॅसिनोच्या मठाचे मठाधिपती देसिदेरिउस यांच्या पंगतीला बसले होते. डेमियन पोरके वाढलेले. बालपणी त्यांनी डुकरे राखली होती. आता ते ओस्तियाचे कार्डिनल बिशप होते. जेवताना संत जेरोम यांचे एक विधान निघाले : परमेश्वर सर्वसमर्थ असला, तरी पतनानंतर गेलेले कौमार्य तो परत देऊ शकत नाही. देसिदेरिउस यांनी जेरोम यांची बाजू घेतली. डेमियन यांना ते पटेना. पंगत उठली, पण प्रश्न उठला नाही. पुढे त्यांनी मठाधिपतींना जे दीर्घ पत्र लिहिले, ते परमेश्वराच्या सर्वसामर्थ्यावरील ग्रंथ म्हणून आजही अभ्यासले जाते. त्यातला गाभ्याचा प्रश्न असा : जे घडून गेले ते घडलेच नव्हते, असे परमेश्वर करू शकतो काय? रोम नगर वसलेच नव्हते, असे तो करू शकेल काय? परमेश्वराला भूतकाळ नाही, त्याच्यापुढे सर्व काळ एकाच वेळी उभा आहे, असा डेमियन यांच्या उत्तराचा रोख आहे. त्याचा नेमका अर्थ काय लावावा यावर पंडितांत अजून एकमत नाही. दोनशे वर्षांनी संत थॉमस अक्वायनस यांनी मात्र स्पष्ट निर्णय दिला : घडलेले न घडलेले करणे ही स्वतःलाच खोडणारी गोष्ट आहे, म्हणून ती सामर्थ्याच्या कक्षेतच येत नाही.

संत थॉमस यांनी जे परमेश्वराच्याही बाबतीत संभवत नाही म्हटले, ते कादंबरीकार कागदावर खुशाल करू लागले. १८३६ साली लुई जोफ्र्वा या फ्रेंच लेखकाने नेपोलियन रशियात न हरता सारे जग जिंकतो अशी कादंबरी लिहिली. शार्ल रनूव्हिए या तत्त्वज्ञाने १८७६ च्या आपल्या ग्रंथात या प्रकाराला 'युक्रोनी' असे नाव दिले. ज्याला स्थान नाही ते जसे 'युटोपिया', तसा जो काळ कधी आलाच नाही तो 'युक्रोनी'.

आता त्या तरुणाची यादी. आधी अंतराळ.

जेम्स ब्लिश यांची 'अ केस ऑफ कॉन्शन्स' ही कादंबरी १९५८ ची. तिला १९५९ चे ह्यूगो पारितोषिक मिळाले. फादर रुइझ-सांचेझ हे पेरू देशातील येशूसंघीय जीवशास्त्रज्ञ लिथिया नावाच्या ग्रहावर जातात. तेथील सरड्यासारखे दिसणारे रहिवासी बुद्धिमान आणि सुशील आहेत. त्यांच्यात गुन्हा नाही, भांडण नाही. परंतु त्यांना परमेश्वर ठाऊक नाही, आणि त्याची उणीवही भासत नाही. यावरून फादर निष्कर्ष काढतात, की हा ग्रह सैतानाने रचलेला सापळा आहे. सैतान काही निर्माण करू शकतो असे मानणे हा मानीपंथीयांचा पाखंडवाद होय, हे त्यांना उमगते, आणि खुद्द पोपना त्यांची समजूत घालावी लागते. लेखक स्वतः श्रद्धावंत नव्हता, तरी कोडे त्याने प्रामाणिकपणे मांडले आहे. मात्र माझे फादर रुइझ-सांचेझ यांच्याशी पहिल्याच पायरीवर भांडण आहे. ज्यांना नियमशास्त्र मिळाले नाही ते स्वभावतःच त्यातल्या गोष्टी करतात, हे संत पौलाने रोमकरांस कळविले होते. मी ज्या गावात वाढलो, तेथे आमच्या आजारपणात रात्री-अपरात्री धावून येणारे शेजारी ख्रिस्ती नव्हते. त्यांचा चांगुलपणा हा सापळा असावा, अशी शंका माझ्या आईला कधी शिवली नाही.

मेरी डोरिया रसेल यांची 'द स्पॅरो' (१९९६) ही मला याहून कितीतरी मोठी कादंबरी वाटते. तिचे शीर्षक मत्तयच्या शुभवर्तमानातील चिमणीवरून आलेले आहे. लेखिका कॅथलिक घरात वाढली, पुढे श्रद्धा सोडून नास्तिक झाली, आणि नंतर तिने यहुदी धर्म स्वीकारला. १९९२ साली कोलंबसच्या सफरीला पाचशे वर्षे झाली. त्या निमित्ताने जुन्या दर्यावर्दींवर आणि मिशनऱ्यांवर जी टीकेची झोड उठली, ती ऐकताना तिला प्रश्न पडला : आपण आज एखाद्या अनोळखी लोकांत गेलो, तर त्यांच्यापेक्षा शहाणपणाने वागू काय? तिच्या कथेत २०१९ साली पोर्तो रिकोतील अरेसिबोच्या दुर्बिणीला दूरच्या ग्रहावरून गाणे ऐकू येते. (प्रत्यक्षातले २०१९ गाण्यावाचून गेले, आणि पुढच्याच वर्षी ती दुर्बीण कोसळली.) संयुक्त राष्ट्रसंघात चर्चा चालू असतानाच येशूसंघ गुपचूप आपली माणसे पाठवितो. त्यांत भाषापंडित फादर एमिलिओ सांदोझ आहेत. तेथे दोन जाती आहेत : एक गरीब, रानात अन्न वेचणारी, दुसरी तिच्यावर राज्य करणारी, आणि तिचेच मांस खाणारी. पाहुणे सद्भावनेने मळे लावतात, त्या गरिबांना मळे लावण्यास शिकवितात. पोटभर अन्न मिळू लागते, राज्यकर्त्यांनी नेमून दिल्यापेक्षा अधिक बाळे जन्मतात, आणि मग राज्यकर्ते ती बाळे मारावयास येतात. फादर सांदोझ एकटे परततात. हात निकामी झालेले, मन त्याहून अधिक. रोममध्ये त्यांची चौकशी होते, आणि ती चौकशी हीच कादंबरी. तीत अत्याचाराचा भाग आहे, म्हणून ती शाळकरी मुलांच्या हाती देऊ नये.

ही कादंबरी वाचताना मला सतत फादर थॉमस स्टीफन्स आठवत होते. इंग्लंडचा हा येशूसंघीय १५७९ साली गोव्यात उतरला. चारच वर्षांनी, १५८३ साली, साष्टीतील कुंकळ्ळी येथे पाच येशूसंघीय मारले गेले. त्याआधी तेथली देवळे पाडण्यात आली होती. नंतर पोर्तुगीजांनी गावच्या प्रमुखांना असोळणे येथे बोलावून ठार केले. ही सारी हकीकत फादर स्टीफन्स यांच्या डोळ्यांसमोरची. त्याच साष्टीत राहून त्यांनी लोकांची भाषा आत्मसात केली, आणि १६१६ साली सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' मराठीत छापले. आपण त्याचा अभिमान बाळगतो, आणि तो योग्यच आहे. पण त्या ओव्या रचताना कुंकळ्ळीची आठवण त्यांच्या मनात कोठे असेल, हा प्रश्न मला 'द स्पॅरो' वाचण्यापूर्वी कधी पडला नव्हता.

रॉबर्ट ह्यू बेन्सन यांची 'लॉर्ड ऑफ द वर्ल्ड' (१९०७) यादीत हवीच. कँटरबरीच्या अँग्लिकन आर्चबिशपांचा हा मुलगा कॅथलिक झाला आणि १९०४ साली धर्मगुरू. ख्रिस्तविरोधक जगाचा लाडका नेता बनून येतो, अशी ती कथा. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी जानेवारी २०१५ मध्ये मनिलाहून परतताना विमानात पत्रकारांना ती वाचण्यास सुचविले होते. कलाकृती म्हणून ती मला थोडी ताठर वाटते. वाचावी ती तिच्या दूरदृष्टीसाठी.

आता पर्यायी इतिहास. येथे आपल्याला, म्हणजे कॅथलिक वाचकांना, थोडे मन घट्ट करावे लागते; कारण इंग्रजी लेखकांना 'असे झाले असते तर' म्हटले, की हटकून आपली ख्रिस्तसभाच आठवते.

कीथ रॉबर्ट्स यांच्या 'पव्हान' (१९६८) मध्ये १५८८ साली राणी एलिझाबेथचा खून होतो, स्पेनचे आरमार जिंकते, आणि इंग्लंड पुन्हा रोमच्या छत्राखाली जाते. मग विसाव्या शतकातही डॉर्सेटच्या रस्त्यांवरून वाफेची अवजड इंजिने मालगाड्या ओढीत आहेत, निरोप टेकडीवरून टेकडीवर लाकडी हातांच्या खुणांनी जात आहेत, आणि खनिज तेलाच्या यंत्रांवर पोपच्या आज्ञेने मर्यादा आहे. वर्णने इतकी सुंदर आहेत, की त्या मागासलेल्या जगाचाच मोह पडावा. शेवटी लेखक एक कलाटणी देतो : विज्ञानाचे घातक सामर्थ्य माणसाच्या हाती लवकर पडू नये, म्हणून ख्रिस्तसभेने जाणूनबुजून प्रगती रोखून धरली; काहींना जाळले खरे, पण त्या जगात नाझींच्या छळछावण्या झाल्या नाहीत. हे समर्थन आपल्या बाजूचे आहे म्हणून स्वीकारावे, असे काहींना वाटेल. मला ते स्वीकारता येत नाही. एकाला जाळून हजारांना वाचविल्याचा हिशेब कैफाने येशूविषयी मांडला होता.

किंग्स्ली एमिस यांची 'द ऑल्टरेशन' (१९७६) वाचताना तर मी रागाने पुस्तक मिटले होते. येथे धर्मसुधारणा झालीच नाही. मार्टिन लूथर स्वतःच पोप झाला! काळ १९७६ चा. ह्यूबर्ट नावाचा दहा वर्षांचा गोड गळ्याचा मुलगा, आणि त्याचा आवाज फुटू नये म्हणून त्याला खच्ची करण्याचा ख्रिस्तसभेच्या वरिष्ठांचा बेत. ही निव्वळ बदनामी, असे मला वाटले. नंतर केव्हातरी अलेस्सांद्रो मोरेस्की यांचे ध्वनिमुद्रण ऐकण्यात आले. सिस्टीन चॅपेलच्या गायकवृंदातील शेवटच्या खच्ची गायकांपैकी ते एक; १९०२ आणि १९०४ साली त्यांचा आवाज मुद्रित झाला, आणि १९२२ साली ते वारले. १९०३ मध्ये पोप दहावे पायस यांनी उपासना-संगीतात उंच स्वरांसाठी मुलांचेच आवाज असावेत असा आदेश दिला, आणि तो प्रकार मागे पडला. म्हणजे एमिसने जे रचले म्हणून मी रागावलो, ते रचलेले नव्हते. त्याने फक्त ते थांबू दिले नाही. तो थरथरता, वृद्धत्वाकडे झुकलेला, एकाकी आवाज ऐकल्यावर मी ते पुस्तक पुन्हा उघडले आणि शेवटपर्यंत वाचले.

फिलिप के. डिक यांची 'द मॅन इन द हाय कॅसल' (१९६२) प्रसिद्धच आहे. १५ फेब्रुवारी १९३३ रोजी मायामी येथे जुझेप्पे झांगारा नावाच्या इसमाने रूझवेल्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. प्रत्यक्षात रूझवेल्ट वाचले आणि शिकागोचे महापौर सेर्मॅक प्राणास मुकले. डिकच्या जगात रूझवेल्टच मारले जातात, अमेरिका दुबळी राहते, आणि जर्मनी व जपान महायुद्ध जिंकतात. त्या जगातले लोक चोरून एक बंदी घातलेली कादंबरी वाचतात, जीत जर्मनी-जपान हरले आहेत! त्या आतल्या पुस्तकाचे नाव बायबलमधील उपदेशकाच्या बाराव्या अध्यायावरून घेतले आहे.

आणि मराठी माणसाने या यादीत डॉ. जयंत नारळीकर यांना विसरावे काय? मे २०२५ मध्ये ते आपल्याला सोडून गेले. 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कादंबरी नव्हे, कथा आहे, पण या प्रकारात ती कोणाच्याही पंक्तीला बसेल. १४ जानेवारी १७६१ रोजी विश्वासरावांना लागलेली गोळी या कथेत त्यांच्या कानाजवळून निघून जाते, आणि हिंदुस्थानचा सारा इतिहास बदलतो. एका गोळीचे दोन बोटे अंतर! आपल्यापैकी ज्यांची मुळे वसईत आहेत, त्यांच्या घरी हा खेळ नवा नाही. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांच्या हाती किल्ला पडला नसता तर, यावर लग्नाच्या मांडवात रात्ररात्र वाद रंगलेले मी ऐकले आहेत. निकाल कधीच लागत नाही, कारण तोवर वाढप सुरू होते.

यादीतले शेवटचे नाव मी त्या तरुणाला पहिल्यांदा सांगितले होते, आणि माझ्या कपाटातील प्रतही दिली होती : वॉल्टर मिलर यांची 'अ कँटिकल फॉर लिबोविट्झ'. ती १९५९ साली प्रसिद्ध झाली आणि १९६१ साली तिला ह्यूगो पारितोषिक मिळाले.

तिची कथा अशी. अणुयुद्धाने जग बेचिराख झाले आहे. वाचलेल्या लोकांनी संतापून शास्त्रज्ञांना, मग शिक्षकांना, मग ज्याला वाचता येते त्या प्रत्येकाला मारले, पुस्तके जाळली. लिबोविट्झ नावाचा यहुदी अभियंता संन्यस्त होतो, पुस्तके लपवून वाचविण्यासाठी संघ स्थापन करतो, आणि त्यातच हुतात्मा होतो. सहाशे वर्षांनी वाळवंटातील त्याच्या मठात ब्रदर फ्रान्सिस या साध्याभोळ्या उमेदवाराला उपवासकाळात जमिनीखाली काही कागद सापडतात. एका कागदावर वाणसामानाची यादी आहे; दुसरा आहे विजेच्या कसल्याशा जोडणीचा निळा नकाशा. त्या नकाशाचा अर्थ कोणालाच कळत नाही. ब्रदर फ्रान्सिस पंधरा वर्षे खपून त्याची सोन्याच्या वेलबुट्टीची नक्कल करतो. वाटेत दरोडेखोर ती सोनेरी नक्कल लुटतात आणि मळकट अस्सल त्याच्याजवळ सोडतात. हसावे की रडावे कळत नाही. पुढच्या भागांत शतके उलटतात, विज्ञान परत येते, आणि त्याबरोबर अणुबाँबही. अखेरीस मठाधिपती झेर्की जपलेले ज्ञान आणि काही मुले सोबत देऊन आपल्या बंधूंना अंतराळयानाने दूरच्या ताऱ्याकडे पाठवितात, आणि स्वतः चर्चच्या ढिगाऱ्याखाली अर्धे गाडले जातात.

हे लिहिणारा मिलर कोण? १९२३ साली जन्मलेला, दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन बाँबफेकी विमानावर रेडिओ सांभाळणारा आणि शेपटाकडील तोफ चालविणारा सैनिक. इटलीवर त्याने पन्नासहून अधिक उड्डाणे केली. त्यांतले एक १५ फेब्रुवारी १९४४ चे. त्या दिवशी दोनशेहून अधिक विमानांनी हजार टनांहून अधिक बाँब टाकून मोंते कॅसिनोचा मठ जमीनदोस्त केला. संत बेनेडिक्ट यांनी सहाव्या शतकात स्थापिलेला तोच मठ, ज्याच्या अधिपतींच्या पंगतीत डेमियन यांचा प्रश्न निघाला होता. मठाखाली लढावयास उभ्या असलेल्या चौथ्या भारतीय डिव्हिजनच्या सेनापतीने, जनरल टकर यांनी, तो नष्ट करण्याची मागणी केली होती. आपल्या जवानांना उघड्या डोंगरावर चढवायचे होते. त्यांची काळजी समजण्यासारखी आहे. पण आत जर्मन सैनिक नव्हते, हे नंतर स्पष्ट झाले. आत होते वृद्ध मठाधिपती दियामारे, थोडे मठवासी, आणि आश्रयाला आलेले शेकडो गावकरी. त्यांतले कितीतरी मेले. मठाचा ग्रंथसंग्रह तेवढा वाचला, कारण काही महिने आधी तो गाड्यांत भरून रोमला हलविण्यात आला होता. आणि तो हलविणारे जर्मन अधिकारी होते.

मिलर १९४७ साली कॅथलिक झाला. कादंबरी लिहिताना आपण कशाविषयी लिहीत आहोत हे त्याला ठाऊक नव्हते. झेर्की ढिगाऱ्यात गाडले गेल्याचा प्रसंग प्रथम लिहीत असताना त्याच्या एकदम ध्यानात आले, की हा मोंते कॅसिनोचाच मठ आहे, असे त्याने पुढे सांगितले.

त्याच शेवटच्या भागात झेर्की एका डॉक्टरशी दयामरणावरून कडाडून भांडतात. किरणोत्सर्गाने भाजलेली एक आई आणि तिचे बाळ, वेदना असह्य, डॉक्टरजवळ सुटकेचा उपाय तयार. झेर्की त्या बाईला अक्षरशः विनवितात, की हे करू नकोस. लेखकाने डॉक्टरलाही दुबळे युक्तिवाद दिलेले नाहीत. वाचकाने या पानांवर थांबावे.

या कादंबरीनंतर मिलरने आपल्या हयातीत दुसरी कादंबरी प्रसिद्ध केली नाही. तो लोकांपासून दूर राहू लागला. पत्नीच्या निधनानंतर काही महिन्यांतच, जानेवारी १९९६ मध्ये, त्याने स्वतःच्या हाताने आपले जीवन संपविले. त्याने अर्धवट ठेवलेली दुसरी कादंबरी टेरी बिसन यांनी पूर्ण केली, आणि ती १९९७ साली निघाली.

हे मी त्या तरुणाला सांगितले नव्हते. पुस्तक परत करावयास तो आला, तेव्हा त्याला ते कोठूनतरी कळले होते. त्याने विचारले, "फादर, झेर्कींच्या तोंडी ते सारे लिहिणाराच असे कसे करतो?" मी त्याला धर्मशिक्षण-ग्रंथाचे २२८३ वे कलम काढून दाखविले : अशा माणसांच्या तारणाविषयी निराश होऊ नये, केवळ परमेश्वराला ठाऊक असलेल्या मार्गांनी तो त्यांना पश्चात्तापाची संधी देऊ शकतो, आणि ख्रिस्तसभा त्यांच्यासाठी प्रार्थना करते. तो बराच वेळ ते वाचत बसला.

मोंते कॅसिनोचा मठ युद्धानंतर जुन्याच आराखड्याबरहुकूम पुन्हा उभारण्यात आला. २४ ऑक्टोबर १९६४ रोजी पोप सहावे पॉल यांनी तेथील चर्चचा अभिषेक केला. दर वर्षी १५ फेब्रुवारीच्या मिस्सात मी त्या ढिगाऱ्याखाली मेलेल्या गावकऱ्यांची आठवण करतो, आणि त्यांच्यासोबत वॉल्टर मिलरचेही नाव घेतो. या वर्षी तो तरुण आणि त्याची आई मागच्या बाकावर होती.